वेग फुकट, भरवसा विकत

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी हापिसातल्या कँटीनमध्ये, कधी चुलतभावाच्या साखरपुड्यात ऐन जेवणाच्या वेळी, तर कधी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर. "अरे, लॅपटॉप जाम स्लो झालाय. एसएसडी टाकावी म्हणतोय. स्वस्तातली कुठली घेऊ?" इंजिनिअर झालं की नातेवाइकांच्या लेखी आपण प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळ्याचे डॉक्टर होतो. त्यामुळे "मी बॅकएंडवाला आहे हो" वगैरे कारणं चालत नाहीत.

प्रश्नाबरोबर बहुतेक वेळा दोन-तीन स्क्रीनशॉट असतात. त्यावर ठळक आकड्यांत वेग छापलेला असतो. ५५०, ३५००, ७०००. आणि खाली एक ओळ असते, "हिचा स्पीड डबल आहे आणि चारशे-पाचशेचाच फरक आहे. हीच घेऊ ना?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रविवारी सकाळी एवढं वाचायचा कंटाळा आहे त्यांची सुटका होईल. बजेट एसएसडी घेताना वेग हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. हार्डडिस्कवरून येणाऱ्या माणसाला लागतो तेवढा वेग बाजारातली कुठलीही प्रामाणिक एसएसडी देते, अगदी सगळ्यात स्वस्तसुद्धा. तो जवळजवळ फुकटच मिळतो म्हणा ना. कमी-जास्त असतो तो भरवसा, आणि नेमका तोच खोक्यावर छापलेला नसतो.

आता जरा हिशोब मांडू. घाबरू नका, आठवीचं गणित आहे.

जुन्या लॅपटॉपमधली हार्डडिस्क साधारण ५४०० आरपीएमची असते. म्हणजे तिची तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते आणि एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. त्यात हेड योग्य ट्रॅकवर सरकायचा वेळ धरा, साधारण १२ मिलिसेकंद. झाले सतरा-अठरा. म्हणजे विखुरलेल्या छोट्या छोट्या फायली वाचायच्या तर बिचारी सेकंदाला ५५-६० जागी पोचते. एका जागी चार केबी उचलले, तर सेकंदाला जेमतेम अडीचशे केबी! विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना, अँटिव्हायरस जागा होताना नेमकं हेच विखुरलेलं वाचन चालू असतं. लॅपटॉप सुरू करून चहा टाकायला जायची सवय आपल्याला लागली ती यामुळे.

एसएसडीत फिरणारं काही नाही. कुठल्याही जागी पोचायला साधारण ०.१ मिलिसेकंद. म्हणजे एकामागून एक वाचलं तरी सेकंदाला दहा हजार जागा. ६० विरुद्ध १०,०००. हा तो चमत्कार! साटा केबलवाली साधी एसएसडीसुद्धा तो दाखवते.

मग ५५० आणि ७००० चं काय? ते आकडे एकसंध मोठी फाईल सलग वाचण्याचे आहेत. साटा ३ ची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट, म्हणून साटा ड्राइव्ह ५५० एमबीच्या आसपास अडकतात. चार लेनच्या पीसीआय एक्सप्रेस ३ वरची एनव्हीएमई ड्राइव्ह ३५०० पर्यंत जाते आणि चौथ्या पिढीची ७००० पर्यंत. आकडे खरे आहेत. पण तुम्ही दिवसातून किती वेळा ५० जीबीची एकच फाईल सलग वाचता? एक्सेल, क्रोम, आयआरसीटीसी आणि फोटो असं काम असेल तर साटावरून एनव्हीएमईवर जाताना फरक डोळे मिटून ओळखता येणार नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर फेरारी नेली तरी वेगमर्यादा सोडत नाही आणि खंडाळ्याच्या घाटात समोरचा ट्रक सोडत नाही, त्यातली गत.

इथवर कुणाचं फारसं दुमत नसावं. खरी गंमत पुढे आहे.

एसएसडीच्या पोटात फ्लॅश मेमरी असते. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७ मध्ये नँड फ्लॅश जगापुढे मांडली, आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. छोट्याशा कप्प्यात विद्युतभार कोंडून ठेवायचा आणि किती आहे ते नंतर मोजायचं. पेल्यात पाणी आहे की नाही एवढंच ओळखायचं असेल तर एका पेल्यात एक बिट मावतो. त्याला एसएलसी म्हणतात. तेच पाणी आठ पातळ्यांवर ओळखता आलं तर तीन बिट मावतात, ती टीएलसी. सोळा पातळ्या ओळखल्या तर चार बिट, म्हणजे क्यूएलसी. पेला तोच, माहिती जास्त, म्हणून माल स्वस्त. पण सोळा पातळ्यांतला फरक ओळखायला आणि नेमक्या पातळीला पाणी भरायला वेळ जास्त लागतो. पेल्याची झीजही लवकर जाणवते, कारण थोडंसं पाणी झिरपलं तरी पातळी चुकते.

कंपन्यांनी यावर युक्ती काढली आहे. फ्लॅशचा काही भाग तात्पुरता एक-बिटी पद्धतीने वापरायचा, आलेला माल आधी तिथे पटापट उतरवून घ्यायचा आणि मग सवडीने आतल्या गोदामात रचायचा. मार्केट यार्डात ट्रक आधी अंगणात रिकामा करतात तसं. जोवर अंगणात जागा आहे तोवर खोक्यावरचा वेग मिळतो. अंगण भरलं की खरा वेग दिसतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी ड्राइव्हचं उदाहरण घेऊ, कारण त्यांनी हे आकडे स्वतःच छापले आहेत. १ टीबीच्या ड्राइव्हमध्ये हे अंगण जास्तीत जास्त ४२ जीबीचं, आणि ते भरल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबी. हार्डडिस्कच्या पंगतीतला आकडा झाला की हा! पण मला त्यांचं कौतुक आहे. त्यांनी लिहिलं तरी. बाकीचे बरेच जण "अप टू ५५०" लिहून मोकळे होतात. 'अप टू' हे दोन शब्द म्हणजे आपल्याकडच्या सेलच्या पाटीवरचा "५०% पर्यंत सूट" मधला बारीक टायपातला 'पर्यंत'.

क्यूएलसी वाईट असं मी म्हणत नाहीये, बरं का. गाणी, सिनेमे, गेम, म्हणजे एकदा लिहायचं आणि शंभरदा वाचायचं असलं काम असेल तर ती उत्तम. फक्त आपण काय घेतोय हे माहीत असावं, एवढंच मागणं आहे. आणि नेमकं इथेच बजेट ड्राइव्हवाले आपल्याला अंधारात ठेवतात.

आपण नाव विकत घेतो, आणि नावाआड काय असेल ते दर बॅचला बदलू शकतं. ही ऐकीव गोष्ट नाही, समीक्षकांनी मोजून दाखवलेली आहे. २०१४ मध्ये किंग्स्टनच्या व्ही३०० मधली फ्लॅश बदलली आणि तीच ड्राइव्ह चाचण्यांत हळू झाली. २०२१ मध्ये क्रुशलची पी२ टीएलसीवरून क्यूएलसीवर गेली, नाव तेच. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० मध्ये फ्लॅश बदलली आणि अंगण भरल्यानंतरचा वेग घसरला. ओरड झाल्यावर कंपनीने म्हटलं की यापुढे असा बदल केला तर मॉडेल नंबरही बदलू. म्हणजे समीक्षा वाचायची एका ड्राइव्हची आणि घरी यायची दुसरीच. मुलगी दाखवायची धाकटी आणि मांडवात उभी करायची थोरली, असले किस्से आजी सांगायची ते हेच!

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या ब्रँडची ही कथा, तर बिननावाच्या ड्राइव्हचं काय? अगदी बरोबर प्रश्न. जगात फ्लॅश स्वतः बनवणारे मोजकेच आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया (म्हणजे पूर्वीची तोशिबा मेमरी), तिची भागीदार सँडिस्क, आणि चीनची वायएमटीसी. कंट्रोलर बनवणारे फायसन, सिलिकॉन मोशन, रिअलटेक, मॅक्सिओ वगैरे. बाकी बहुतेक ब्रँड हे दोन्ही विकत घेऊन जुळणी करतात. यात गैर काही नाही, आपली गिरणीसुद्धा दुसऱ्याचाच गहू दळते. पण पहिल्या प्रतीचा गहू कुणाला मिळतो आणि उरलेला कुठे जातो, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ज्याला आपलं नाव पुढच्या वर्षीही विकायचं आहे तो निदान थोडी लाज बाळगतो. ज्याचं नाव दर दिवाळीला बदलतं त्याला ती बाळगायचं कारण नाही.

हे सगळं पोटतिडकीने सांगण्याचं कारण म्हणजे माझा मामा. साताऱ्याकडे एका तालुक्याच्या गावी त्याचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दहावीच्या निकालाचे अभिनंदनाचे फ्लेक्स, सगळं तिथेच होतं. एका दुरुस्तीवाल्याने दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये स्वस्तातली एसएसडी बसवून दिली. ब्रँडचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मशीन पळायला लागलं. मामा खूश, गिऱ्हाईक खूश. साधारण सव्वा वर्षाने एका सकाळी मशीन सुरू केलं तर काळा पडदा. बायॉसमध्ये ड्राइव्हच दिसेना. आदल्या रात्री साडेआठपर्यंत काम चालू होतं. ना आवाज, ना सूचना, ना हळू होणं, काही नाही.

मामाचा फोन आला, "अरे, पत्रिकांचे सहा वर्षांचे सगळे डिझाइन त्यात आहेत. तू पुण्याहून काही करू शकतोस का?" मी म्हटलं, "मामा, तू ते मशीन आता परत परत चालू-बंद करू नकोस, मी शनिवारी येतो." शनिवारी जाऊन दुसऱ्या पोर्टला, दुसऱ्या केबलने, दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. ती गेली ती गेलीच. डेटा रिकव्हरीवाल्याने सांगितलेली रक्कम अख्ख्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त होती, आणि वर "गॅरंटी नाही" होतंच. वॉरंटीत नवीन ड्राइव्ह मात्र आली, तक्रार नाही. मामा ती हातात धरून म्हणाला, "ही कोरी आहे रे." मला काही बोलता आलं नाही. वॉरंटी ड्राइव्हची असते, डेटाची नसते. ते डिझाइन मामाने पुढचे चार महिने जुन्या छापील पत्रिका बघून रात्री बसून पुन्हा केले.

हार्डडिस्क मरताना बऱ्याचदा कण्हते. टकटक आवाज येतो, कॉपी करताना अडकते, माणूस सावध होतो. एसएसडी बहुधा गुपचूप जाते. आणि गेली की तिच्यातून काही काढणं अवघड, कारण माहिती अनेक चिपांवर विखुरलेली असते आणि कुठे काय आहे याचा नकाशा कंट्रोलरकडे असतो. कंट्रोलरच बसला तर चिपा शाबूत असूनही त्यांचा अर्थ लागत नाही. डिलीट केलेलं परत आणणंही कठीण, कारण ट्रिम चालू असेल तर मोकळी केलेली जागा ड्राइव्ह स्वतःच पुसून टाकते.

लोकांना मात्र भलतीच भीती असते. "एसएसडी लिहून लिहून झिजते ना?" झिजते, पण हिशोब करा. किंग्स्टनच्या ए४०० मालिकेतल्या २४० जीबीच्या ड्राइव्हची लिहिण्याची हमी ८० टीबीची आहे. घरगुती वापरात दिवसाला २० जीबी लिहिलं, आणि हे जरा जास्तच धरतोय, तरी ८० टीबी संपायला ४००० दिवस लागतील. जवळजवळ ११ वर्षं. तोवर लॅपटॉपच्या बिजागऱ्या निघालेल्या असतील. झिजण्याआधी दुसरंच काहीतरी तिला मारतं. फर्मवेअरमधली चूक, कंट्रोलरचा बिघाड, किंवा अचानक गेलेली वीज. सर्व्हरमधल्या ड्राइव्हनाही हे चुकलेलं नाही. २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइझने आपल्या काही ड्राइव्हबद्दल इशारा दिला होता की ३२,७६८ तास चालल्यावर त्या कायमच्या बंद पडतील, नवीन फर्मवेअर टाका. हा आकडा ओळखीचा वाटला ना? दोनाचा पंधरावा घात! कोड लिहिणाऱ्यांनी इथे कपाळाला हात लावावा. ज्यांनी कंपनीचा इशारा वाचून फर्मवेअर टाकलं त्यांच्या ड्राइव्ह वाचल्या. बिननावाच्या ड्राइव्हला असा इशारा देणार कोण आणि कुणाला?

म्हणून भरवशाचे माझे प्रश्न ठरलेले आहेत. कुणी विचारलं की याच क्रमाने विचारतो.

पहिला प्रश्न ड्राइव्हचा नाहीच, मशीनचा आहे. आत जागा कुठली? अडीच इंची साटा, की एम.२? आणि एम.२ असेल तर ती साटावाली की एनव्हीएमईवाली? दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच, २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. पण जुन्या लॅपटॉपमधली एम.२ जागा बऱ्याचदा फक्त साटा ओळखते. मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल बघा, अंदाजाने घेऊ नका. याच वेळी विंडोजचाही विचार करा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. असं मशीन असेल तर त्यावर लिनक्स चालणार आहे का, हे घरच्यांना आधी विचारा. आणि रॅम चारच जीबी असेल तर आधी ती वाढवता येते का बघा. नाहीतर रॅमची कमतरता ड्राइव्ह भरून काढत बसते आणि लिहिणं उगाच वाढतं.

दुसरा प्रश्न, पाच वर्षांनी ही कंपनी असेल का? तिची वेबसाइट उघडा. ड्राइव्हचं डेटाशीट आहे का? टीबीडब्ल्यू, म्हणजे किती टेराबाइट लिहिण्याची हमी, छापली आहे का? टीएलसी की क्यूएलसी ते लिहिलंय का? फर्मवेअर अपडेट करायचं सॉफ्टवेअर आहे का? चारही उत्तरं नाही आली तर कितीही स्वस्त असो, पुढे चला.

तिसरा, वॉरंटी कोण देणार? तीन वर्षं की पाच वर्षं हे तर बघाच, पण ती भारतात मिळते का, तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, की कुरिअर करून महिनाभर वाट बघायची? सॅमसंगचं उदाहरण पुन्हा घेऊ. ८७० क्यूव्हीओला ३ वर्षं आणि १ टीबीला ३६० टीबीडब्ल्यू. ८७० इव्होला ५ वर्षं आणि ६०० टीबीडब्ल्यू. आपल्या मालावर कंपनीचा स्वतःचा किती विश्वास आहे ते या दोन आकड्यांतून कळतं, जाहिरातीतून नाही.

चौथा, कपॅसिटी. १२०-१२८ जीबीच्या वाटेला जाऊ नका. ५०० च्या आसपासची परवडत असेल तर तीच घ्या, भले साटा असेना. मोठ्या ड्राइव्हमध्ये चिपा किंवा त्यांचे थर जास्त, अंगण मोठं आणि हमीही जास्त. त्याच ए४०० मालिकेत ४८० जीबीला १६० टीबीची हमी आहे, बरोबर दुप्पट. आणि ड्राइव्ह कधीही काठोकाठ भरू नका, पाचवा-सहावा हिस्सा मोकळा ठेवा.

पाचवा प्रश्न, डीरॅम आहे का? मघाशी म्हटलेला नकाशा ठेवायला महागड्या ड्राइव्हमध्ये वेगळी मेमरी असते, बजेटमध्ये ती गाळतात. एनव्हीएमई ड्राइव्ह त्यासाठी कॉम्प्युटरच्या रॅममधला छोटा तुकडा उसना घेऊ शकते. साटाला ती सोय नाही. म्हणून जागा एनव्हीएमईची असेल आणि किंमत साटाएवढीच असेल तर डीरॅमविना एनव्हीएमई बिनधास्त घ्या. साटाच घ्यावी लागत असेल तर डीरॅम नसल्याचं फार दुःख करू नका. हार्डडिस्कपेक्षा ती तरीही कितीतरी पुढे आहे.

आणि सहावा, वेग. हो, आता विचारा. :)

हे सगळं वाचून आमचा गेमर मित्र म्हणेल, "अरे, पण व्हिडिओ एडिटिंगला, मोठ्या बिल्डला, चार व्हर्च्युअल मशीन चालवायला फरक पडतो की!" पडतो, शंभर टक्के पडतो. ज्याचं पोट त्यावर आहे त्याने चौथ्या पिढीची, डीरॅमवाली, टीएलसी ड्राइव्ह घ्यावी. पण तो बजेटचा प्रश्न विचारत नाही, आणि ज्याच्या फोनवर मी हे बोलत असतो तो बहुधा आईच्या लॅपटॉपबद्दल विचारत असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "कुठलीही ड्राइव्ह मरू शकते, मग ब्रँडला पैसे कशाला? सगळ्यात स्वस्त घे आणि बॅकअप ठेव." तर्क चोख आहे. बॅकअप खरोखर ठेवणारा माणूस असेल तर मी वाद घालणार नाही. पण आपल्या ओळखीत असे किती? मामाने ठेवला नव्हता, आणि त्याला तसं कुणी सांगितलंही नव्हतं. शिवाय ड्राइव्ह मेली की अख्खा शनिवार जातो, विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फाँट, सगळं नव्याने. त्या शनिवारची किंमत धरली तर ब्रँडचे चारशे-पाचशे रुपये महाग नाहीत. म्हणजे दोन्ही करा, ओळखीची ड्राइव्ह आणि बॅकअप.

बॅकअपसाठी वेगळा खर्चही फारसा नाही. एसएसडी बसवताना काढलेली जुनी हार्डडिस्क दुकानदाराला देऊ नका. तब्येत ठीक असेल तर तिला काही शे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घाला, महिन्यातून एकदा जोडून महत्त्वाचे फोल्डर कॉपी करा आणि कपाटात ठेवा. अगदीच जिवापाड जपायचं ते क्लाउडवरही टाका. उलट मात्र करू नका. एसएसडीत फोटो भरून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नाही. जेडेकच्या मानकानुसार ठरलेलं सगळं लिहून झालेल्या, म्हणजे आयुष्य भरत आलेल्या घरगुती ड्राइव्हने ३० अंश तापमानाला विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी एवढीच अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह त्याहून बरीच जास्त टिकवते, पण तापमान वाढलं की ही मुदत घटते, आणि नागपूरकरांच्या कपाटात मे महिन्यात ३० अंश कुठून आणायचे?

आता किमतींबद्दल थोडं. "थांबलं की स्वस्त होतं" ही आपल्या पिढीची श्रद्धा आहे, आणि ती उगाच नाही. इंटेलची ८० जीबीची एक्स२५-एम २००८ मध्ये आली तेव्हा घाऊक भाव ५९५ डॉलर होता! पण ही घसरगुंडी सरळ नाही. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी आणि फ्लॅशची मागणी इतकी वाढवली की भाव उलटे चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल या ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत पाठवू आणि वॉरंटी पुढेही पाळू असं सांगून. म्हणजे वर्षानुवर्षं डोळे झाकून "क्रुशल घे" म्हणायचो ते एक उत्तरही गेलं. भाव चढले की दोन गोष्टी होतात. मोठ्या कंपन्या बजेटच्या गिऱ्हाइकाला विसरतात, आणि मोकळ्या जागेत बिननावाचे घुसतात. १६ टीबीची "पोर्टेबल एसएसडी" दोन-तीन हजारांत दिसली तर आत बहुधा एक मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेलं असतं. त्यामुळे हे प्रश्न स्वस्ताईपेक्षा महागाईत जास्त कामाचे आहेत.

घेतल्यावरही दोन कामं करा, पंधरा मिनिटांची. लॅमिंग्टन रोडवरून आणा की ऑनलाइन मागवा, पक्कं बिल घ्या आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर टाकून किती तास चालली आहे ते बघा. नव्या ड्राइव्हवर हजारो तास दिसले तर ती नवी नाही, सरळ परत करा. कपॅसिटीबद्दल शंका असेल तर डेटा टाकण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू रात्रभर चालवा. २४० ची २२३ दिसली तर मात्र भांडू नका, तो कंपनीच्या आणि विंडोजच्या जीबीतला फरक आहे.

एवढं करून तुमच्या हातात पडेल ती बाजारातली सगळ्यात वेगवान ड्राइव्ह नसेल. पण दहा वर्षांचा लॅपटॉप भंगारात न जाता पुतणीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला लागेल, आणि तिचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री गायब होण्याची शक्यता बरीच कमी होईल. मला विचाराल तर बजेटमध्ये यापेक्षा जास्त काही मागू नये.

मामाच्या दुकानात आता ओळखीच्या कंपनीची ५०० जीबीची साटा ड्राइव्ह आहे, एक छोटा यूपीएस आहे, आणि दर सोमवारी गल्ला उघडायच्या आधी तो जुन्या हार्डडिस्कवर कॉपी मारतो. मध्यंतरी त्याचा फोन आला होता. शेजारच्या मेडिकलवाल्याला एसएसडी टाकायची आहे, स्वस्तातली कुठली घेऊ विचारतोय. मी तोंड उघडायच्या आत मामाच म्हणाला, "मी त्याला सांगितलंय, आधी बॅकअप कुठे ठेवणार ते ठरव, मग भाच्याला फोन लावतो."

चला, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटूच.